मागची भिंत राहू द्या

मित्रहो, नव्याने कॅमेरा हातात घेतलेली मुलं मला विचारतात, या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? मी सांगतो, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून देणं.

घरातलं माणूस गेलं की कुणीतरी फोटो घेऊन येतं. बहुतेक वेळा तो एकट्याचा नसतो. चारचौघं उभी असतात आणि हवा तो चेहरा नखाएवढा. "एवढाच घ्या, मागचं सगळं काढून टाका," असं सांगतात. मग शेजारच्याचा खांदा पुसायचा, कानाची कड नीट करायची, मागे एकसारखा करडा रंग भरायचा. एवढ्याशा चेहऱ्यात तपशील मुळातच कमी असतो. मोठा करत जावं तसा ग्रेन, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, वर येतो आणि डोळ्यांच्या कडा सुटायला लागतात. आता तिथे नवे, रेखीव डोळे बसवून देणारं सॉफ्टवेअर आलं आहे. मी ते वापरत नाही. फोटो थोडा अस्पष्ट राहिला तरी चालेल, पण घरच्यांनी रोज भलत्याच माणसाकडे बघायला नको.

आई गेल्यावर हेच काम माझ्या घरी मला करायचं होतं. मीच काढलेला तिचा एक फोटो होता. खिडकीशी बसून ती चष्मा पुसते आहे. मागे भिंतीवर कॅलेंडर, त्यावर तिने पेनाने केलेल्या खुणा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. चेहरा कापून घ्यायला स्क्रीनवर चौकट ओढली. ती जसजशी आवळत गेलो तसतशी आई कुणाचीही आई दिसायला लागली. ज्या खोलीत तिचा दिवस जायचा ती खोलीच मी कापत होतो. शेवटी फोटो पूर्ण छापला, टॉवेलसकट. तेव्हापासून असं काम आलं की मी दोन प्रिंट देतो. एक सांगितल्याप्रमाणे, आणि एक लहान, न कापलेली. तिचे पैसे घेत नाही.

आणि खरं सांगायचं तर फोटोग्राफीची सुरुवातच घरातून झाली आहे. कॅमेऱ्याने टिपलेलं, आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं चित्र निसेफोर न्येप्स यांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून घेतलं. खिडकीबाहेर दिसणारी छपरं आणि भिंती, एवढंच त्यात आहे. डांबराचा लेप दिलेला पत्रा इतका वेळ उजेडात राहिला की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये फोटोग्राफीचे दुसरे आद्य प्रयोगकर्ते टॅल्बट यांची आज टिकून असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ मधली. तीही त्यांच्या राहत्या घरातल्या जाळीदार खिडकीची, जेमतेम इंचभराची. ते वापरायचे त्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणत. त्या काळच्या रसायनांना खूप वेळ उजेड लागायचा आणि घर जागचं हलत नाही, हे व्यावहारिक कारण आहेच. पण रोज नजरेसमोर असलेली खिडकी इतका वेळ बघण्याजोगी आहे, हे या दोघांनी आपल्याला दाखवलं. माझ्या मते ते अजून आपल्या पुरतं अंगवळणी पडलेलं नाही.

प्रागचे फोटोग्राफर योसेफ सुदेक यांनी ते मनावर घेतलं. पेशा बुकबाइंडरचा, पण पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला आणि ते काम सुटलं. पुढे १९४० ते १९५४ या काळात, सुरुवातीची पाच वर्षं तर प्राग नाझींच्या ताब्यात असताना, ते आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिले. काचेवरचं दव, ओघळ, बाहेरचं वाकडं झाड.

फोटोग्राफर आंद्रे केर्तेस यांच्या पत्नी एलिझाबेथ १९७७ मध्ये गेल्या, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. एका दुकानात त्यांना काचेचा लहानसा अर्धपुतळा दिसला. त्याच्या मानेत आणि खांद्यात त्यांना एलिझाबेथ दिसली. तो घरी आणून त्यांनी खिडकीत ठेवला आणि पोलरॉइड कॅमेऱ्याने वेगवेगळ्या उजेडात त्याचे फोटो काढत राहिले. एवढं मोठं दुःख, आणि त्यांनी त्याचं रोजचं काम केलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो तो यासाठी.

म्हणून माझी विनंती आहे, घरातल्या माणसांचे फोटो कामाच्या दिवशी काढा. फ्लॅश बंद ठेवा, माणसाला खिडकीच्या बाजूला बसू द्या, खोली आवरू नका. हात दिसू द्या. माणूस गेल्यावर हात फार आठवतात आणि फोटोत ते नेमके कापलेले असतात.

आणि जे आहे ते सांभाळा. जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या बारीक कणांचा बनलेला असतो. नीट फिक्स करून, म्हणजे रसायनाने पक्का करून, भरपूर पाण्यात धुतलेला असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रंगीत प्रिंटमध्ये मात्र रंगद्रव्यं असतात. ती उजेडात विटतात आणि जुन्या प्रिंटमधली तर बंद अल्बममध्येसुद्धा. त्यामुळे आजोबांचा फोटो अजून स्वच्छ आणि तुमच्या लहानपणचा लालसर झालेला, असं पुष्कळ घरांत दिसतं. तेव्हा स्कॅनिंगला आधी रंगीत फोटो घ्या. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. नावं लिहायची तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. आणि स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करा. तिथे कुणाचं तरी अक्षर असतं.