कोसंबींच्या नावाने अभ्यासवृत्ती

झुआरीनगरच्या पठारावर बिट्स पिलानीचा गोवा परिसर आहे. खाली सांकवाळ गाव. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी याच गावचे. त्यांचे चिरंजीव दामोदर यांचा जन्मही गोव्यातलाच, 1907 सालचा. ते गणिती होते, इतिहासकार होते, आणि विज्ञान कुणाच्या भल्यासाठी वापरायचं हे उघडपणे विचारणारे होते.

1946 ते 1962 ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संस्थेचे प्रमुख होमी भाभा, आणि देशाचा अणुऊर्जा कार्यक्रमही भाभांच्याच हाती. तिथं नोकरीत असतानाच कोसंबी सांगत होते, की अणुवीज आपल्याला महाग पडेल. आपल्याकडे ऊन मुबलक आहे, ते वापरा. हे धाडस तर खरंच, पण मला त्यांची मोजून पाहण्याची सवय अधिक मोलाची वाटते. प्राचीन चांदीच्या नाण्यांची झीज कळावी म्हणून या माणसानं हजारो नाणी तराजूत तोलली होती.

यंत्र कुणाच्या भल्यासाठी, हा कोसंबींचाच प्रश्न घेऊन आता किनाऱ्यावर येऊ. 1960-70च्या दशकांत सरकारी मदतीनं गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले. निर्यातीच्या कोळंबीसाठी ते अगदी काठाशी येऊ लागले. तिथंच गावची माणसं रांगेनं उभी राहून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत. जाळी फाटली, मासळी घटली, रापणकार रस्त्यावर उतरले. सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला 1980 साली. मधल्या वर्षांत कित्येक घरांची चूल विझली असेल! पुढे एलईडी दिवे आले. होडीवर जनित्र, पाण्यावर झगझगीत उजेड, आणि त्या उजेडाला ओढलेली मासळी. 2017 साली केंद्रानं बंदी घातली, तरी रापणकारांच्या तक्रारी संपलेल्या नाहीत.

यंत्र आधी येतं, कायदा मागाहून. हे अंतर कमी करायचं तर दोन्ही बाजू समजणारी तरुण माणसं हवीत. फर्मागुडीला, कुंकळ्ळीला, झुआरीनगरला तंत्रज्ञान शिकणारी मुलं आहेत. पण विधेयक कसं वाचावं, अधिसूचनेवर हरकत कशी नोंदवावी, हे त्यांना कोण शिकवतं?

म्हणून दामोदर कोसंबींच्या स्मरणार्थ तंत्रज्ञान आणि सार्वजनिक धोरणासाठी अभ्यासवृत्ती असावी, असं आम्हांला मनापासून वाटतं. वर्षभराची, पोटापुरतं मानधन देणारी. विषय इथलेच: अ‍ॅपवरची टॅक्सी आणि स्थानिक टॅक्सीवाला, 2023च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर सरकारी दप्तरांत साठणारी आपली माहिती, होडीवरचे दिवे. सुरुवातीचे काही महिने वर्गात नकोतच. पहाटे मालीमच्या जेटीवर उभं राहावं, कोणत्या होडीतून काय उतरतं ते स्वतः लिहून घ्यावं, रापणकाराला विचारावं, ट्रॉलरमालकालाही विचारावं. माहिती अधिकाराचा कायदा गोव्यानं 1997 सालीच केला होता, म्हणजे देशाच्या आठ वर्षं आधी. ते हत्यारही या मुलांच्या हाती द्यावं.

आणि अहवाल मराठीत अन् कोकणीत लिहावा. आधी ग्रामसभेत वाचून दाखवावा, तिथल्या हरकती त्यात जोडाव्यात, मग तो पर्वरीला आमदारांच्या टेबलावर जावा.