दुसरी फळी: क्वीन्सलँडच्या मुलींची रग्बी लीग

(दृश्य: पहाट. टाउन्सविलचा विमानतळ. ट्रॉलीवर एकावर एक रचलेल्या सारख्या रंगाच्या बॅगा.)

पहाटेचे पावणेपाच वाजलेत. काचेबाहेर अजून अंधार आहे. या मुलींपैकी काही इथल्याच, टाउन्सविलच्या. काही वर केर्न्सकडच्या, काही खाली मॅकेच्या. सगळा ऊसाचा पट्टा. संघाचं नाव नॉर्थ क्वीन्सलँड गोल्ड स्टार्स. आजचा सामना ब्रिस्बेनला आहे. रस्त्याने जायचं म्हटलं तर साडेतेराशे किलोमीटर, आपल्याकडे मुंबईहून दिल्ली गाठावी तसं. विमानाने दोन तास. खेळायचं आणि आजच परत फिरायचं, कारण सोमवारी प्रत्येकीला कामावर हजर व्हायचंय.

खांबाला टेकून बसलेली ही मुलगी बघा. रात्रपाळी करून थेट इथे आली आहे. बूट पायात नाहीत, मांडीवर आहेत. सुरीच्या टोकाने ती स्टडमध्ये अडकलेली मागच्या आठवड्याची माती काढते आहे.

(दृश्य: बूट, जवळून. लाल मातीची ढेकळं टिश्यू पेपरवर पडतात.)

हा 2021 चा हंगाम आहे. स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची, महिलांच्या रग्बी लीगची. तिच्या वर एक राष्ट्रीय स्पर्धा आहे, एनआरएलडब्ल्यू. टीव्हीवर दिसते ती तीच. ही त्याच्या खालची पायरी, दुसरी फळी. ब्रिस्बेनमध्ये राहणारे आम्ही चार मराठी लोक कॅमेरा घेऊन या दुसऱ्या फळीच्या मागे गेलो. पहिल्या फळीचे कॅमेरे पहिल्या फळीपाशी असतातच.

(दृश्य: नकाशा. आठ ठिपके एकेक करून उजळतात.)

आधी राज्य किती मोठं आहे ते पाहू. क्वीन्सलँडचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साडेपाच पट. वस्ती मात्र बहुतेक सगळी किनाऱ्यालगत. त्या हंगामात संघ आठ. ब्रिस्बेनचे वेस्ट्स पँथर्स, व्हॅलीज डायहार्ड्स आणि साउथ्स लोगन मॅगपाइज. पश्चिमेला इप्सविचचे ब्रदर्स. दक्षिणेला गोल्ड कोस्टचे बर्ली बेअर्स आणि ट्वीड हेड्स सीगल्स. उत्तरेला सव्वासहाशे किलोमीटरवर रॉकहॅम्प्टनचे सेंट्रल क्वीन्सलँड कॅप्राज. आणि त्याच्याही वर, आत्ता विमानात चढणाऱ्या या गोल्ड स्टार्स.

यातलं ट्वीड हेड्स खरं म्हणजे क्वीन्सलँडमध्ये नाहीच. राज्याची हद्द गावाच्या रस्त्यांमधून जाते आणि हे मैदान पलीकडच्या न्यू साउथ वेल्समध्ये येतं. न्यू साउथ वेल्स उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते तेव्हा हा फरक अजून मिटलेला नसतो. त्यामुळे ट्वीडला सामना असला की वेळापत्रकावर दोन वेळा लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक संघात एकीने तरी फोन करून खात्री केलेली असते की तीन म्हणजे नक्की कुणाचे तीन.

(दृश्य: बार्डनचं पर्टेल पार्क. टेकडीच्या उतारावर लोक चादरी अंथरून बसलेत. मैदानावर सराव.)

खेळ समजायला अवघड नाही. दोन्हीकडे तेरा-तेरा जणी. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा. समोरच्या तुम्हाला पाडणार. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. इथे पकड झाली तरी चेंडू तुमच्याकडेच राहतो आणि डाव तिथूनच पुढे चालतो. अशा सहा पकडी, म्हणजे टॅकल, मिळतात. सहाव्या टॅकलनंतर चेंडू समोरच्या संघाला. तोवर शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला तर ट्राय, चार गुण. त्यानंतर गोलच्या दोन खांबांमधून किक गेली तर आणखी दोन.

आता हे जरा सावकाश बघा. गती कमी केली आहे.

(दृश्य: स्लो मोशन. तिघींनी खाली पाडलेली खेळाडू उठते.)

तिघी अंगावर आहेत. पहिली कमरेला, दुसरी चेंडूच्या हाताला, तिसरी वरून. पंचांचा इशारा झाला की त्यांनी सोडायचं. हिने उठायचं, समोर तोंड करायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाच्या तळव्याने मागे सरकवायचा. मागे डमी हाफ, म्हणजे तो चेंडू उचलणारी, वाकून तयार. बचाव करणाऱ्यांनी तेवढ्यात दहा मीटर मागे हटायचं. ही सगळी गडबड तीन-चार सेकंदांची. अख्खा सामना या तीन-चार सेकंदांवर उभा असतो. लवकर उठलात तर समोरची भिंत अजून मागे सरकते आहे आणि तुम्हाला मोकळी जागा मिळते. उशीर झाला तर भिंत तयार. म्हणून प्रशिक्षक ट्रायपेक्षा उठण्यावर जास्त ओरडतात. ऐका.

(ध्वनी: मैदानाबाहेरून हाका. निवेदन थांबते.)

या मुलींनी ही सवय लावून घेतली ती बहुतेक वेळा उशिरा. इथे लहान वयात मुलं-मुली एकत्र खेळतात. बाराव्या वर्षी ते थांबायचं. मुलगे पुढच्या संघात जायचे आणि मुलींना सांगितलं जायचं की तुमच्यासाठी इथून पुढे संघ नाही. मग कुणी टच फुटबॉलकडे वळली, कुणी नेटबॉलकडे, कुणी घरी बसली. आज पंचविशी-तिशीत असलेल्या खेळाडूंना विचारा. बारा वर्षांची असताना कुणीतरी हातातून चेंडू काढून घेतल्याची गोष्ट त्यातल्या कितीतरी जणींकडे आहे. चार-पाच वर्षांनी, कधी दहा वर्षांनी त्या परत आल्या. कौशल्य होतं. पडायचं कसं, पाडायचं कसं, खांदा कुठे लावायचा, हे अंगात मुरायची वर्षं मात्र निघून गेली होती. मुलींचे वयोगट आता झाले आहेत. ते मुळातच असायला हवे होते.

(दृश्य: व्हॅलीजच्या क्लबहाउसमधली भिंत. जुने कृष्णधवल फोटो. काचेत पलीकडे सराव करणाऱ्या मुलींचं प्रतिबिंब.)

या भिंतीपाशी थोडं थांबू. व्हॅलीज हा ब्रिस्बेनमधल्या जुन्यात जुन्या क्लबांपैकी एक, 1908 चा. वेस्ट्स 1915 चा. साउथ्सचा रंग काळा-पांढरा, मॅगपाय पक्ष्याचा. एकेकाळी ब्रिस्बेनचे रविवार या क्लबांचे असायचे. व्हॅलीजकडून वॉली लुइस खेळला, साउथ्सकडून मॅल मेनिंगा, दोघेही पुढे ऑस्ट्रेलियाचे कर्णधार. इथल्या माणसांपुढे ही नावं नुसती काढलीत तरी पुढचा अर्धा तास ती बोलत राहतात. पुढे 1988 मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा मोठ्या स्पर्धेतला संघ आला, मोठे खेळाडू आणि मोठी गर्दी तिकडे गेली, आणि व्हॅलीज, वेस्ट्स ही नावं हळूहळू स्थानिक सामन्यांपुरती उरली. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा पुरुषांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत या दोन्ही क्लबांचे संघ नव्हते.

महिलांच्या स्पर्धेत होते. म्हणजे रॉकहॅम्प्टनच्या माणसाला 2021 मध्ये डायहार्ड्सची जर्सी राज्याच्या स्पर्धेत पाहायची असेल तर ती त्याला मुलींच्या अंगावरच दिसत होती. क्लबहाउसमधल्या म्हाताऱ्या मंडळींनी हे फार लवकर ओळखलं. उतारावर चादर टाकून बसलेले हे आजोबा बघा. त्यांच्या टोपीवरचा बिल्ला या संघातल्या कुठल्याही मुलीच्या वयापेक्षा जुना आहे.

(दृश्य: मोबाईलवर काढलेले हलणारे तुकडे. मार्च 2020.)

हे मात्र आमचं चित्रीकरण नाही. मोबाईलवरचे तुकडे आहेत, प्रेक्षकांकडून मिळालेले. मार्च 2020. अख्ख्या राज्याची म्हणून ही स्पर्धा सुरू झाली तो दिवस. त्याआधी आग्नेय कोपऱ्यातले संघ आपापसांत खेळायचे. उत्तरेच्या मुलीला मोठ्या दर्जाचं खेळायचं तर घर, नोकरी सोडून ब्रिस्बेनला खोली घ्यावी लागे. त्या मार्चमध्ये पहिल्यांदा टाउन्सविल आणि रॉकहॅम्प्टन एकाच वेळापत्रकात आलं. नावही मोठं मिळालं, बीएचपी प्रीमियरशिप. बीएचपी म्हणजे खाणींची कंपनी, आणि मध्य क्वीन्सलँड हा कोळशाचा मुलूख, तेव्हा ते नाव तिथल्या घराघरात माहीत होतं.

एक फेरी झाली. मग कोरोना आला आणि हंगाम रद्द झाला. हा शेवटचा तुकडा त्या एकमेव फेरीचा आहे. मुली एकमेकींना टाळ्या देतायत, पुढच्या शनिवारी भेटू म्हणतायत.

(दृश्य: 2021. रॉकहॅम्प्टनचं ब्राउन पार्क. पाण्याच्या फवाऱ्यातून दिसणारं मैदान. टेपचा कर्र आवाज.)

पुढचा मार्च. ब्राउन पार्क. सामन्याला अजून सव्वा तास आहे आणि कपडे बदलण्याच्या खोलीत टेपचा आवाज सुरू झालाय. पांढरी, चिकट, दीड इंची पट्टी. आधी अंगठा, मग मनगटाला दोन वेढे, मग पुन्हा अंगठ्याच्या मुळाशी. ट्रेनर बोट आत घालून बघते, रक्त अडत नाही ना. घोट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळायची. कानांवर पट्टी, डोक्याभोवती पट्टी, वेण्या त्याच पट्टीखाली दाबलेल्या. एका प्रॉपला, म्हणजे समोर धडका घेणाऱ्या खेळाडूला, दोन्ही खांद्यांसाठी एक अख्खं रीळ लागतं.

आणि हे मार्कर पेन. मनगटाच्या पट्टीवर कुणी चालींचे नंबर लिहितं, कुणी मुलाचं नाव. हिने दोन अक्षरं लिहिली. आम्ही विचारलं नाही.

(दृश्य: मनगट, जवळून. पेनाची टोपी दातात.)

या पातळीवर कुणाचं घर खेळावर चालत नाही. या खोलीत नर्स आहेत, शिक्षिका आहेत, खाणीत डंपर चालवणाऱ्या आहेत. सराव आठवड्यातल्या संध्याकाळी, कामानंतर. कॅप्राजमधली एखादी मुलगी खाणीच्या गावातून येत असेल तर सरावाला येण्या-जाण्यातच चार तास जातात. प्रवासाचा खर्च, मैदानाची वेळ, फिजिओ असणं-नसणं, लोक याला किरकोळ गोष्टी म्हणतात. एखादी मुलगी पुढच्या वर्षी खेळणार की नाही हे यांवरच ठरतं. आम्ही आठवडे काढले या खोल्यांबाहेर, आणि खेळ सोडलेल्या मुलींबद्दल जे ऐकलं त्यात हिंमत कमी पडली असं एकदाही ऐकलं नाही. पेट्रोल, कामाची पाळी, पाळणाघर, हेच ऐकलं.

(दृश्य: कॅप्राजच्या बचावाची सलग लांबलचक चौकट. एकामागून एक टॅकल, कट न करता.)

ही चौकट आम्ही कापली नाही. मोजा. एक. दोन. तीन, हा टॅकल रेषेपासून पाच मीटरवर. चार. पाचव्याला चेंडू उजवीकडे गेला, विंगवरची मुलगी कोपऱ्याकडे झेपावली आणि आतून आलेल्या फुलबॅकने तिला रेषेबाहेर ढकललं. स्टँडमधल्या पत्र्यावर लोक पायांनी ताल धरतायत, तो आवाज मायक्रोफोनमध्ये फुटलाय. तसाच ठेवला आहे.

आता त्या वर्षाचा हिशोब लक्षात घ्या. राष्ट्रीय स्पर्धेचा 2020 चा अंतिम सामना ऑक्टोबरमध्ये झाला, ब्रॉन्कोजनी रूस्टर्सना 20–10 असं हरवलं. त्यानंतरचा हंगाम ऑगस्ट 2021 मध्ये सुरू व्हायचा होता. कोरोनामुळे तो पुढे गेला आणि पहिला सामना झाला 27 फेब्रुवारी 2022 ला. सोळा महिने. 2021 च्या अख्ख्या वर्षात ऑस्ट्रेलियात एनआरएलडब्ल्यूचा एकही सामना झाला नाही. त्या वर्षी क्वीन्सलँडच्या सर्वोत्तम मुली स्पर्धेत खेळल्या त्या इथे. या पत्र्याच्या स्टँडसमोर, या चादरींसमोर. न्यू साउथ वेल्समध्ये तिथली राज्य स्पर्धा होती. ज्याला आपण दुसरी फळी म्हणतोय, त्या वर्षी त्याच्या वर काही नव्हतंच.

(दृश्य: 25 जून 2021. सनशाइन कोस्ट स्टेडियमबाहेर क्वीन्सलँडच्या मरून रंगाची गर्दी.)

मग स्टेट ऑफ ओरिजिन. तेव्हा वर्षातून एकदा, क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स. आत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून ही बाहेरची गर्दी. क्वीन्सलँडच्या तेव्हाच्या प्रशिक्षक टाहनी नॉरिस, ऑस्ट्रेलियाच्या माजी कर्णधार. शेवटच्या मिनिटांपर्यंत 6–6. पेनल्टी मिळाली आणि पहिलाच ओरिजिन सामना खेळणाऱ्या लॉरेन ब्राउनने किक मारली. 8–6. हा जो आवाज भिंतीपलीकडून आला, तो त्या किकचा.

पुढचं थोडक्यात. राष्ट्रीय स्पर्धा 2018 मध्ये चार संघांची होती, त्या लांबलेल्या हंगामात सहा झाले, 2023 मध्ये दहा, 2025 मध्ये बारा. 2023 मध्ये टाउन्सविलला नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजचा महिला संघ मिळाला. त्याच वर्षी डॅली एम हा राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा किताब मध्य क्वीन्सलँडमधून आलेल्या तमिका अप्टनला मिळाला. राज्य स्पर्धेचं नाव बदललं, संघ वाढले, मॅकेला स्वतःचा संघ झाला.

(दृश्य: रात्र. टाउन्सविलचा विमानतळ. बॅगांचा सरकता पट्टा.)

त्याच रविवारची रात्र. सकाळच्या त्याच बॅगा. सामन्याच्या निकालाबद्दल कुणी बोलत नाहीये, बर्फाची पिशवी कुणाकडे आहे ते विचारतायत. बुटांवर आता ब्रिस्बेनची माती. एकीच्या मनगटावरची पट्टी अजून तशीच, तिच्यावरची अक्षरं घामाने पसरलेली.

टाउन्सविलच्या मुली निघाल्या. केर्न्सच्या तिघींना अजून साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवायची आहे. पहिले दोन तास कोण चालवणार ते ठरतंय. मागच्या सीटवर बॅगा, पुढे थर्मास.

(दृश्य: पार्किंग. गाडी मागे येते, वळते. उत्तरेकडे जाणारे लाल दिवे, उसाच्या शेतांमधून.)