ग्रीजमधला काळा पदार्थ आणि आरशाचं घड्याळ

हे बघा, बोट काळं झालंय. गॅरेजमध्ये मिळतं ते मॉली ग्रीज. हा काळेपणा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते वंगणात घालतात.

आज त्या कॅटातला एकच पत्ता काढायचाय. ग्रीजमधून नाही हं, स्वच्छ स्फटिकातून! चिकटपट्टी लावायची, सोलायची, पुन्हा पुन्हा सोलायची. शेवटी हाती लागतो तो थर 0.65 नॅनोमीटरचा. वहीच्या कागदाच्या जाडीत असे दीड लाख मावतील.

इतक्या पातळ वस्तूतून प्रकाश आरपार जायला हवा ना? पण 670 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश टाकला, तर हा एकटा थर त्यातला पाच ते दहा टक्के गिळतो. तेवढं गिळायला सिलिकॉनला काहीशे नॅनोमीटर जाडी लागते.

कारण असं. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वर उडी मारतो, मागे रिकामी जागा राहते, ती म्हणजे होल. दोघांची एकमेकांकडे ओढ असते. जाड स्फटिकात आजूबाजूचे अणू ही ओढ बोथट करतात. इथे वर-खाली कुणीच नाही, त्यामुळे जोडी घट्ट. हिचं नाव एक्सायटॉन. खोलीच्या उबेनंही ती फुटत नाही.

आता खरी गंमत. ही जोडी जमायला वेळ किती लागतो? मिलानमधल्या गटानं 2020 साली दाखवलं, 10 ते 30 फेमटोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक फेमटोसेकंद. एवढं झटपट चालणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळच नाही. मग मोजलं कसं?

आरसा सरकवून! लेझरचे दोन ठोके, म्हणजे अगदी क्षणभराचे झोत, घ्यायचे. पहिला थराला उत्तेजित करतो. दुसऱ्याला आरशावरून फिरवून उशिरा पाठवायचं. आरसा एक मायक्रोमीटर मागे घेतला, की जाऊन-येऊन वाट दोन मायक्रोमीटर लांबते आणि ठोका सुमारे 6.7 फेमटोसेकंद उशिरा पोचतो. वेळ मोजायची पट्टीनं! मला तरी हे अजून भारी वाटतं.

दुसऱ्या ठोक्याला काय दिसतं? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी आधीच जागा धरलीय. जागा नाही, म्हणून शोषण कमी, प्रकाश जास्त पार जातो. आरसा थोडा थोडा सरकवत हा फरक नोंदवायचा, की जोडी कशी जमते त्याचा आलेख तयार.

आणि या थराला टंगस्टन डायसल्फाइडचा थर चिकटवला तर? होल 50 फेमटोसेकंदांच्या आत शेजाऱ्याकडे पळतं, इलेक्ट्रॉन जागीच राहतो. हे 2014 मध्येच, दोन ठोक्यांच्या याच युक्तीनं पकडलं होतं. प्रकाशातून वीज काढायची तर या दोघांची ताटातूट करावीच लागते, आणि इथे ती आपोआप होते.