माउलींच्या वाटेवरचं शटर

(दृश्य : लोणंद. बाजारपेठेतल्या दारूच्या दुकानाचं बंद शटर.)

नीरेत स्नान झालं की माउलींच्या पादुका सातारा जिल्ह्यात येतात. पहिला मुक्काम लोणंद. त्या दिवशी हे शटर खाली असतं. कुलपाला कापडाची पट्टी, पट्टीवर लाखेचं सील. एरवी या ओट्यावर प्लॅस्टिकचे ग्लास लोळत असतात. आज तिथं वारकऱ्यांच्या पडशा टेकल्यात आणि दांडीवर एक ओलं धोतर वाळतंय.

लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. पालखी जिथं उतरते, तिथली दारूची दुकानं बंद ठेवायचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. अधिकार 1949 च्या दारूबंदी कायद्याचा, कलम 142. हा आदेश हवाच. चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात अश्व धावतो, तेव्हा दोन्ही बाजूंना माणसांची भिंत असते. तिथं एक झिंगलेला माणूस घुसला तरी पुरे.

पण पालखी पुढे गेली की सील निघतं.

देवळाजवळ दुकान नको, असा नियम आहेच. मात्र नियमातलं देऊळ म्हणजे मुख्यतः न्यास म्हणून नोंदलेलं. बांधावरच्या म्हसोबाची नोंद कोण करणार? गावाला तर तोही देवच.

मध्य प्रदेशानं 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा 19 ठिकाणची दुकानं कायमची बंद केली. आपल्याकडे गावाच्या हातात आहे ती आडवी बाटली. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली नि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त बायकांची मतं लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या!

इथंच गाव अडतं. लेक सासरी नांदतेय, नाव अजून माहेरच्या यादीत. सून नवऱ्याबरोबर मुंबईला. ऊसतोडीला गेलेलीचं घर कुलपात. जी आली नाही, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

(दृश्य : देवळाचा पार. मतदारयादीवर फिरणारं बोट.)

पारावर बसून बायका यादी चाळतायत. नावापुढे पेन्सिलीनं लिहिलंय, मुंबई. त्याच्या शेजारी मोबाइल नंबर. मतदानाची तारीख कळली, की आदल्या रात्रीच्या एसटीनं निघ म्हणून सांगायला.