बारा कुणाचे?

बेळगावहून जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर सकाळचे साडेआठ वाजलेत. डिसेंबरचं ऊन अजून गोड लागतंय. दोन्हीकडं दाट झाडी, मोबाइलला रेंज नाही.

फौजेतून निवृत्त झालेले आमचे मामा मनगटावरचं काट्यांचं घड्याळ काढून तळहातावर आडवं धरतात. तासकाट्याच्या टोकाशी गवताची काडी उभी करतात आणि तिची सावली काट्यावरून मध्याकडं पडेपर्यंत घड्याळ सावकाश फिरवतात. काटा आता नेमका सूर्याकडं.

"काटा आणि बारा, दोन्हींच्या मधोमध बघ. तिकडं दक्षिण."

सूर्याची फेरी 24 तासांची, काट्याची 12 तासांची. काटा दुप्पट पळतो, म्हणून कोन निम्मा करायचा.

पण बारा कुणाचे? भारताची घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली. बेळगाव आहे साडेचौऱ्याहत्तरवर. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 8 अंशांना 32. आपली खरी मध्यान्ह होते साडेबाराच्या आसपास. तेव्हा बाराऐवजी बारा-एकच्या मधली जागा धरायची. साडेआठ ते साडेबारा, मध्य साडेदहा. डिसेंबरात या वेळी चूक जेमतेम 3 अंशांची.

मार्चमध्ये मात्र सकाळी साडेनऊ-दहाला हीच चूक 30 अंशांवर जाते. युक्ती उत्तरेकडच्या थंड मुलखातली; तिथं दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. आपण 16 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खाली. मेच्या सुरुवातीला सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी तो उत्तरेला असतो. तेव्हा घड्याळ दक्षिण म्हणून उत्तर दाखवेल. रानात जाणाऱ्या पोरांना युक्ती शिकवायची, तर हे आधी सांगायला हवं.

मे महिन्यात मामा घड्याळ खिशात ठेवतात. खळ्यात काठी रोवायची, काठीभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं की एक खडा, दुपारनंतर पुन्हा टेकलं की दुसरा. दोन्ही खड्यांतून जाणारी रेघ पूर्व-पश्चिम. कात्यायन शुल्बसूत्र या जुन्या संस्कृत ग्रंथात यज्ञवेदीसाठी दिशा अशाच काढल्यात. वेळ लागतो, पण ऋतू कुठलाही चालतो.

संध्याकाळी मामा त्या रेघेवर उगवतीकडं तोंड करून उभे राहतात आणि उजवा हात लांब करतात. दक्षिण म्हणजे उजवा. जुना अर्थच तो.