बाटलीवरचा हिरवा रंग

नमस्कार मंडळी. कपाशीवर फवारणीचे दिवस आहेत, म्हणून आज बाटलीवरच्या रंगांबद्दल बोलतो. पोस्टर, पाट्या, माहितीपत्रकं काढणं हा माझा धंदा.

गेल्या हंगामात यवतमाळकडच्या एका गावात धुऱ्यावर बसून एका मावशींना कीटकनाशकाची बाटली दाखवली. औषध पाण्यात कालवून पंप भरून देणं हे त्यांचं काम. लेबलवरच्या चौकोनात खालचा त्रिकोण हिरवा होता. विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाल्या, "हिरवं म्हंजे पिकाले चांगलं असन न भाऊ!"

खरं तर तो रंग विषाची पायरी सांगतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवंही विषच आहे. पण शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला हिरवा दिसला की पीकच आठवणार. चूक मावशींची नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याबरोबर वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचं मिश्रण, तोंडाला फडकंही नाही, अशी कारणं बरीच होती. एकट्या लेबलवर दोष टाकता येत नाही. तरी बाटली विकत घेतो मालक, पंप असतो मजुराच्या पाठीवर, आणि मुंगीएवढ्या अक्षरातलं माहितीपत्रक खोक्यातच राहतं. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तर घरची बोलीच वेगळी. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत अक्षरओळख नसलेल्यांसाठी या देशाने मतपेटीवर चिन्हं लावली होती. मताला जे दिलं, ते जिवाला का देऊ नये?

मी एक चित्र काढून नेलं. भाकर खाणारा माणूस आणि त्यावर मोठी फुली, म्हणजे फवारताना खाऊ नका. मावशींनी निरखून पाहिलं. "माणूस जेवून ऱ्हायला, अन् वरतं दोन काड्या ठेवल्या."

फुलीचा अर्थ शाळेत शिकवतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्यांच्याजवळ बसूनच नवं चित्र काढलं. डबा दूर बाभळीला टांगलेला, बाई बादलीजवळ साबणाने हात धुते आहे. त्या म्हणाल्या, "अन् कालवताना माह्यं लुगडं ओलं होते, दिवसभर तसंच अंगावर ऱ्हाते. थे काहून नाही काढलं?"

ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता पहिलं चित्र त्या ओल्या लुगड्याचं आहे.