चौथ्या मजल्यासमोरचे मोहोळ

पहाटे साडेपाच वाजता मुलुंड पश्चिमेच्या या चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा दिवा लागतो, दूध तापते, आणि कामाच्या बाई येण्याआधीचे दोन-अडीच तास जेवणाच्या टेबलावर लेखन चालते. लेखनासाठी वेगळी खोली हवी, असे या लेखिकेला एकेकाळी फार वाटत असे. आता भाजीची परात आणि तपासायची मुद्रिते एकाच टेबलावर सुखाने नांदतात. त्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. पहिला पाऊस पडला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन येऊ लागतात, तेव्हा ते सुरू होते.

मराठी लेखकाला भेटवस्तू पुष्कळ मिळतात, पण त्या बहुधा त्याच त्या असतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि सन्मानचिन्ह. नारळ चटणीत संपतो, शाली रखवालदारांच्या घरी जातात. सन्मानचिन्हांचे काय करावे, हे मात्र अद्याप कोणालाच उमगलेले नाही. या सगळ्यांत एक भेट वेगळी निघाली. नातीने आपल्या पहिल्या पगारातून आजीला दुर्बीण आणली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, ‘तक्रार करण्याआधी नीट बघून घे.’

तक्रार समोरच्या छज्जाखालच्या आग्या मोहोळाची होती. आदल्या वर्षी सोसायटीने माणसे बोलावून त्यावर औषध फवारले होते आणि त्या अर्जावर लेखिकेचीही सही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून सुपलीभर मेलेल्या माश्या त्यांनीच झाडून काढल्या. पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस त्याच छज्जाखाली, जुन्या मेणाच्या खुणेवर, पुन्हा मोहोळ लागले होते.

आग्या माशीचे पोळे एकच असते आणि ते उघड्यावर लोंबते. दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा लेखिकेला आधी पोळे दिसलेच नाही, कारण त्यावर माश्यांचाच जाड पडदा होता. एवढ्यात एक गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली आणि त्या पडद्यावरून झर्रकन एक लाट सरकली. वानखेडेवर प्रेक्षक ओळीने उठून बसतात, त्याप्रमाणे प्रत्येक माशीने शेजारणीपाठोपाठ आपले पोट क्षणभर वर उचलले होते. लाटेवर लाट येत राहिली, गांधीलमाशी निघून गेली, आणि त्या दिवशी सकाळचे लेखन झाले नाही.

लेखिका मग पुण्याला गेल्या. तिथल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची स्थापना १९६२ सालची आहे. तिथल्या छोट्या वर्गात त्यांनी सातेरी माश्यांची पेटी उघडताना पाहिली. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहू शकते. आग्या राहत नाही. डंख मारलेल्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने इतर माश्या चवताळतात, म्हणून आधी धूर द्यायचा असतो, ही गोष्टही त्यांना तिथेच समजली. ‘मोहोळ उठते, बोटाला मध लावला जातो, एवढे आपल्या भाषेला ठाऊक आहे,’ त्या म्हणतात, ‘पण ही बाई दिवसभर करते काय, ते आपण कधी विचारलेच नाही.’

ती दिवसभर काय करते, त्यातला काही भाग या गॅलरीतून वाचता येतो. फुलोरा सापडलेली कामकरी माशी पोळ्यावर परतून शरीर हलवत सरळ रेषेत नाचते. ती रेष सरळ वरच्या दिशेशी जो कोन करते, तोच कोन सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यात असतो, आणि नाच जितका वेळ चालतो तितके अंतर लांबचे. ही लिपी उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ साली नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. मुलुंडमध्ये तिचा पडताळा सोपा आहे. मार्चमध्ये सकाळी नऊ वाजता सूर्य ठाण्याच्या खाडीच्या बाजूला असतो आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल त्याच्या जवळजवळ पाठीमागे, पश्चिमेला. त्यामुळे जंगलातल्या सावर-पांगाऱ्यावरून आलेली माशी डोके खाली करून नाचते. संध्याकाळी पाच वाजता सूर्य जंगलावर कलतो आणि तीच बातमी डोके वर करून सांगितली जाते. मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूवर लेखिकेने असे कितीतरी बाण काढून ठेवले आहेत. आमच्या कॅमेऱ्याला तो नाच टिपायला तीन दिवस लागले.

आता इतरांना भेट देताना त्या मधाची बाटली देतात. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्या भागातून त्या ती मागवतात. एकदा एका संपादकांनी फोन करून हळूच सांगितले की, बाटलीच्या तळाशी साखर जमली आहे, तुम्हाला कोणी फसवले असावे. मधातले ग्लुकोज थंडीत आपोआप खडे धरते, त्यात भेसळ नसते, हे समजावण्यात अर्धा तास गेला आणि कथेच्या मुदतीचा विषय निघालाच नाही.

यंदा सोसायटीच्या बैठकीत फवारणीचा विषय पुन्हा आला, तेव्हा सहीऐवजी लेखिकेने सूचनाफलकासाठी मजकूर लिहून दिला. आग्या माश्या रात्री दिव्याकडे ओढल्या जातात, म्हणून त्या बाजूच्या गॅलऱ्यांतले दिवे संध्याकाळनंतर बंद ठेवावेत, खिडक्यांना पडदे लावावेत आणि पोळ्याला कोणी दगड मारू नये. तीन ओळींचा हा मजकूर आपल्या साऱ्या लेखनात सर्वाधिक वाचला गेला, असे त्या हसून सांगतात. त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘मोहोळ जाणार कधी?’ आणि त्याच्याखाली लेखिकेच्या तिरक्या अक्षरात उत्तर आहे, ‘पाऊस आला की. तेव्हा मलाही वेळ नसेल.’